गड पडला तिथपासून

एकदा एक वृद्ध शाहीर आपल्या शिष्यासह विणकरांच्या एका गावी उतरले. गावातले निम्मे माग गेल्या उन्हाळ्यात आगीत जळून गेले होते. त्या दिवशी शिष्याची परीक्षा होती. त्याने रचलेला पोवाडा लोकांनी अखेरपर्यंत ऐकला, तर गुरूंचा डफ त्याला मिळणार होता. नाही ऐकला, तर शाहिरी कायमची सोडायची, असे त्या तापट पोराने स्वतःच ठरवून टाकले होते.

पोळलेल्या माणसांना पराभव कशाला ऐकवायचा, म्हणून त्याने कधीच न हरणारा किल्लेदार रंगवला होता. राखेत बसलेल्यांपुढे विजयाचे नगारे बडवणारे आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांचा संताप यावा तेवढा थोडाच. किल्लेदार एक लढाई जिंकला, दुसरी जिंकला. तिसरीला लोक पान लावू लागले. चौथीला मागची माणसे धोतर झटकून उठली. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अरसिक लेकाचे, असे मनात म्हणत तो आणखी चढ्या आवाजात गाऊ लागला.

एवढ्यात मागे सूर धरणारा झीलकरी म्हणून उभ्या असलेल्या गुरूंनी सुरात स्वतःची एक ओळ घातली, "गड पडला, किल्लेदार एकटा उरला."

शिष्य हबकला. झीलकऱ्याने सभेत म्हटलेली ओळ खोडायची नाही, ती पुढे न्यायची, हा त्या फडाचा नेम होता. ज्यांना बापाच्या जागी मानले, त्यांनीच भर सभेत घात केला होता. पाठ केलेला एकही शब्द आता उपयोगाचा नव्हता. मग त्याने आपला सगळा राग किल्लेदाराच्या तोंडी घातला. किल्लेदाराने दैवाला शिव्या घातल्या, पडक्या दरवाजाशी तो रात्रभर बसून राहिला, आणि सकाळी चरफडतच उठून त्याने पहिला चिरा उचलला. उठलेले लोक केव्हा परत बसले, हे शिष्याला कळलेही नाही.

गर्दी पांगू लागल्यावर गुरूंनी डफ पुढे केला. शिष्याने त्याला हात लावला नाही.

"वस्ताद, माझा किल्लेदार का पाडलात?"

"न हरणाऱ्याची या लोकांना काय ओळख? तू त्यांच्यावर दया करत होतास. त्यांना ती नको होती. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतो, एवढेच त्यांना बघायचे होते. ते तुला ठाऊक नव्हते, कारण तू कधी पडलाच नव्हतास."

"आणि मी उठलो नसतो तर?"

"मग तुझ्याबरोबर मीही पडलो असतो. धाकधूक मलाही होती."

शिष्याचा राग पुरता गेला नाही, तरी त्याने डफ घेतला. तेवढ्यात सगळ्यांत आधी उठलेला म्हातारा विणकर जवळ आला आणि म्हणाला, "उद्याबी ह्योच पोवाडा म्हना. पर आधीच्या लढाया नगं. गड पडला तितनं सुरू करा."

शिष्याने मान डोलावली. गुरूंकडे मात्र त्याने अजून पाहिले नव्हते.