गोळ्यावरची गिरकी

एका जंगलाच्या कडेला, जिथे गवे चरून झाल्यावर सावलीला बसत, त्या माळावर एक शेणकिडी राहत असे. मुलांनो, नाक मुरडू नका. तुम्हाला जे शेण, ते तिच्या घरचे धान्य. ती रंगाने काळी कुळकुळीत. पाठीवर टणक कवच, त्याखाली घडी घालून ठेवलेले पातळ पंख, आणि कपाळ चपटे नि दातेरी, अगदी फावड्यासारखे. देवाने अवजारे अंगालाच लावून पाठवली होती, त्यामुळे ती कोणाकडे काही मागायला जात नसे.

त्या सकाळी गवे डोंगरापलीकडे निघून गेले आणि मागे शेणाचा एकच ओला पो राहिला. शेणकिडीचे अंडे घालायचे दिवस भरले होते. गोळा वळायचा, ओला आहे तोवर मऊ मातीत पुरायचा आणि त्यातच अंडे घालायचे, ही त्यांच्यातली रीत. अळी बाहेर आली की आतल्या आत तेच शेण खाऊन मोठी होते. गोळा हातचा गेला तर बाळ उपाशी मरणार, हे तिला पक्के ठाऊक होते. पोवर किड्यांची झुंबड उडाली होती. तिने कपाळाने शेण कापले, पुढच्या पायांनी थापटून गोळा वळला. मग गोळ्यावर चढून तिने स्वतःभोवती एक गिरकी घेतली, आणि खाली उतरून डोके जमिनीला, मागचे पाय गोळ्याला, अशी उलटी ढकलत ती निघाली.

जवळच्या दगडावर एक सरडा ऊन खात बसला होता. त्याने विचारले, “कामाच्या वेळी नाच कसला गं?”

“नाच नाही, सरडेदादा. उलटं चालणाऱ्याला पुढचं दिसत नाही. म्हणून सूर्य कुठल्या अंगाला ठेवायचा, ते आधी बघून घेते.”

इतक्यात एक तरणाबांड शेणकिडा मदतीला आला. “ताई, एकटीनं किती रेटणार? मीही लावतो जोर.” शेणकिडीला बरे वाटले. पण थोड्याच अंतरावर गोळा खळग्यात अडकला. दोघांनी तो बाहेर काढला, तशी ती पुन्हा वर चढू लागली. “अगं, पुन्हा? अशानं संध्याकाळ होईल,” असे म्हणत त्याने तिला असा धक्का दिला की ती उताणी पडली. गोळा घेऊन तो पसार झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच.

उताण्या शेणकिडीला पाय टेकायला काही सापडेना. “माझं बाळ, माझं बाळ,” एवढेच ती म्हणत राहिली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते म्हणे. या माळावर कुंपणच नव्हते, म्हणून तो दगडावरून हललासुद्धा नाही. चोर मात्र भलत्या जोरात होता. वर चढून बघण्यात वेळ घालवील तर तो चोर कसला. त्याचा एका अंगाचा जोर जरा जास्त पडत होता, त्यामुळे गोळा हळूहळू वळत गेला. मोठा फेरा घेऊन तो येऊन आदळला, तो थेट शेणकिडीच्या पायांवर.

तिने गोळा घट्ट धरला, त्याच्या आधाराने सुलटी झाली आणि वर जाऊन बसली. चोर खालून चढू लागताच तिने कपाळाचे फावडे त्याच्या पोटाखाली घातले आणि त्याला उलथून टाकले.

“ताई, तू इथं कशी आलीस?” त्याने उताण्यानेच विचारले.

“मी इथंच होते,” ती म्हणाली. “आलास तो तू.”

मग तिने सावकाश गिरकी घेतली, सूर्य पाहिला आणि गोळा रेटत निघाली. सरडाही या वेळी मान उंचावून सूर्य कुठे आहे ते पाहू लागला. ऊन चढायच्या आत गोळा मातीखाली गेला आणि गोळ्यात अंडे सुखरूप पोहोचले.

तात्पर्य : मान खाली घालून राबणाऱ्यानेही मधूनमधून वर पाहून वाट तपासावी, नुसत्या घाईने पळणारा निघाला तिथेच परत येतो.