पाचवा घटक

एकदा एक वृद्ध आचार्य एका विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचे अध्यक्ष होते. पदवीच्या मुलांनी काय शिकावे, हे त्या मंडळाच्या टेबलाभोवती ठरत असे. आचार्य कमी बोलत. त्यांच्या या कमी बोलण्याला लोक ज्ञान म्हणत. त्यांची शिष्या मात्र त्याला दिरंगाई म्हणे, आणि तेही फारसा आवाज न दाबता.

शिष्या एकेकाळी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसे. आता ती त्याच विद्यापीठात शिकवत होती. विद्यापीठाच्या उत्तरेला सातपुड्याचे डोंगर होते, तिथे पावरा आदिवासींचे पाडे. गावाच्या एका अंगाला मोमीन विणकरांची पेठ, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर वसलेला सिंधी कॅम्प. मुले या गावात वर्षानुवर्षे राहत, पदवी घेत आणि यांपैकी एकाही उंबऱ्याच्या आत न डोकावता घरी परतत. म्हणून शिष्येने एक अभ्यासक्रम रचला होता, ‘आपले शेजारी’. शाखा कोणतीही असो, पदवी हवी तर तो प्रत्येकाला सक्तीचा.

तिला घाई होती, आणि घाईला कारण होते. डोंगरातल्या पाड्यावरून आलेली तिची एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी वसतिगृह सोडून निघून गेली. खोलीतल्या मुली तिच्या बोलीची नक्कल करत. कुणी मारले नाही, कुणी शिवी दिली नाही, नुसत्या हसत. यंदा जूनमध्ये त्याच घरातली धाकटी बहीण प्रवेश घेणार होती. आज मंडळाने मंजुरी दिली नाही, तर विषय पुढच्या वर्षावर जाणार होता. मग तीच खोली, तेच हसणे.

त्या मंडळाची एक रीत होती. सकाळी बैठक सुरू होई, एकच्या सुमारास जेवण येई आणि श्रीखंड-पुरीनंतर सदस्य कापरासारखे उडून जात. कुणाची बस, कुणाचा दवाखाना, कुणाच्या मुलीला पाहायला येणारी मंडळी. त्यामुळे विषयपत्रिकेच्या तळाशी असलेले विषय तळाशीच राहत. शिष्येचा विषय गेली काही वर्षे तळाशी होता आणि तसाच राहिला होता. आजही तो शेवटी छापलेला पाहून ती तडक आचार्यांच्या खोलीत गेली.

“सर, माझा विषय पहिला घ्या.”

“शेवटीच राहू दे.”

“शेवटी म्हणजे कधीच नाही! तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे,” आचार्य म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

तिचा जीव टांगणीला लागला. बैठक सुरू झाली. प्रयोगशाळेच्या तासिका, एका क्रमिक पुस्तकाचे मुखपृष्ठ, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला समास डावीकडे असावा की दोन्हीकडे. समासावर तर महायुद्ध झाले. शिष्या घड्याळाकडे पाही, मग दाराकडे. दारामागून पुऱ्यांचा वास आला. आता संपले सगळे.

पण आचार्यांनी निरोप धाडला, “वाढू नका. शेवटचा विषय झाल्यावर.”

सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, “अध्यक्ष महाराज, आज एकादशी आहे का? पोटात कावळे ओरडतायत.”

“ओरडू द्या,” आचार्य म्हणाले. “पक्ष्यांचा अभ्यासही होईल.”

अखेर शिष्येचा विषय आला. ती उभी राहिली, तिने कागद उघडला, आणि पहिले वाक्य पुरे होण्याआधीच वाणिज्य शाखेचे प्रमुख म्हणाले, “छान आहे, मॅडम. मंजूर!”

“मंजूर, मंजूर,” बाकीचे म्हणाले. खुर्च्या मागे सरकल्या. कुणी आत काय आहे ते वाचले नव्हते, पण शिष्येला त्याचे काय! तिचे डोळे भरून आले. आता उरली होती फक्त आचार्यांची सही.

आचार्यांनी पेनाला टोपण लावले आणि ते खिशात ठेवले.

“मी सही करत नाही,” ते म्हणाले.

शिष्येच्या कानशिलांत रक्त उसळले. “सर, सगळ्यांना मान्य आहे! तुम्हालाच काय टोचतंय? त्या पोरीचं तोंड आठवतं मला रोज. आणि तुम्ही पेन खिशात ठेवता?”

“बस बाळ,” आचार्य म्हणाले. “एवढंच सांग. तुझ्या अभ्यासक्रमात पहिला घटक कोणता?”

“संस्कृतीची संकल्पना आणि व्याख्या.”

“मग?”

“आपली परंपरा. मग राज्यघटनेतल्या तरतुदी. मग सहिष्णुतेचा इतिहास. पाया नको का आधी?”

“आणि पावरा, मोमीन, सिंधी?”

“पाचव्या घटकात.”

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिने तो जणू पहिल्यांदाच ऐकला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक खुदकन हसले. “पाचवा घटक होय? तो आम्ही कधी शिकवलाच नाही, मॅडम! सत्र संपतं. ‘घरी वाचा’ म्हणतो आणि पोरं ऑप्शनला टाकतात.”

कुणीच त्यांना खोटे पाडले नाही. त्या टेबलाभोवती प्रत्येकाचा पाचवा घटक तसाच पडून होता.

आचार्य सावकाश बोलू लागले. “आज सकाळपासून तू दाराकडे पाहत होतीस. आपली पाळी येईल का, तोवर कुणी थांबेल का, थांबलंच तर ऐकेल का. तुझ्या शेजाऱ्यांना तू याच जागी बसवलं आहेस, आणि तेही सन्मानाने, छापून. ज्याला आपण शेवटी ठेवतो, त्याला आपण नाही म्हणत नाही. म्हणून आपलं मन आपल्याला खात नाही. भुकेल्या माणसांची मंजुरी मिळवणं सोपं आहे. पण हे मंडळ मंजुरीसाठी नाही. वर्गात नक्की काय पोचेल, ते पाहण्यासाठी आहे. मी सही केली असती तर विषय कागदावर आला असता, आणि ती मुलगी पुन्हा पाचव्या घटकातच राहिली असती.”

शिष्या खाली मान घालून बसली. पण ती मान फार वेळ खाली राहणारी नव्हती.

“पटलं, सर,” ती म्हणाली. “आता मी विचारते. विषयपत्रिका कोण काढतं?”

“अध्यक्ष.”

“मग इतकी वर्षं मला शेवटी कुणी ठेवलं? आज धडा द्यायचा म्हणून ठेवलंत. त्याआधी?”

वाणिज्यवाल्यांनी घसा खाकरला. आचार्य तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या पाठीमागे आयुष्यभराचे मौन होते. त्यातले ज्ञान किती आणि दिरंगाई किती, हे त्या क्षणी बहुधा तेही मोजत असावेत.

“त्याआधी,” ते म्हणाले, “माझंही मन मला खात नव्हतं.”

मग त्यांनी खिशातून पेन काढले, पण सही केली नाही. ते तिच्यापुढे धरले. तिने पाचवा घटक खोडला आणि वर, सर्वांत आधी लिहिला. व्याख्या तळाशी गेल्या. यावेळी सदस्यांनी एकेक ओळ वाचली. समासवाल्यांनी विचारले, पावरी बोली कोण शिकवेल? वनस्पतिशास्त्रवाल्यांनी विचारले, विणकर वर्गात येतील की वर्ग पेठेत जाईल? पुऱ्या गार झाल्या, वातड झाल्या. मग सही झाली.

जेवताना आचार्यांनी पाहिले, शिष्या पुरीचे नुसते तुकडे करत होती.

“आता कसली काळजी?”

“शिकवतील का, सर?”

“ही धाकधूक सोडू नकोस,” ते म्हणाले. “मंजुरी मिळाली की माणसं ती आधी सोडतात. मग अभ्यासक्रम आपोआप सुटतो.”

पावसाळी सत्र सुरू झाले. पहिल्याच तासाला शिष्या वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात दाराला लागून उभी राहिली. आत एक तरुण शिक्षक अडखळत पहिला घटक शिकवत होता. शेवटच्या बाकावर पाड्यावरची ती धाकटी बहीण बसली होती. शिष्येचे सगळे लक्ष एका आवाजाकडे होते, हसण्याच्या. तो आता येईल, आता येईल.

तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला. तिच्या बोलीचा हेल वर्गभर पसरला.

“सर, कॅम्पातली माणसं हितं येण्याआधी कुठं राहायची? त्यांचं गाव कुठलं?”

ती स्वतःविषयी सांगत नव्हती. दुसऱ्याविषयी विचारत होती. कुणी हसले नाही. दुसऱ्या रांगेतला एक सिंधी मुलगा मागे वळला आणि उत्तर द्यायला उभा राहिला.

शिष्या दाराशी तशीच उभी राहिली. तास संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही.