राखून ठेवलेली ठिणगी

त्या राज्यात ऊन कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून तेथे साठवणीला मोल होते. माळावरच्या वसाहतीत हे काम जपाबाई नावाच्या एका जाडजूड बॅटरीकडे होते. सूर्यपाट्या दिवसभर उन्हातून वीज वेचत आणि तिच्या पदरात टाकत. सांज झाली की ती दिव्यांना, पाण्याच्या पंपाला आणि रोपघराच्या उबेला ज्याचे त्याला वाटून देई. मागितले की मिळते, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

सूर्यपाट्या येण्यापूर्वी सारी वसाहत धुराजीवर चाले. तो लाकडावर चालणारा थोराड जनरेटर. पण माळावरची झाडे विरळ होत गेली, त्याच्या धुराने दिव्यांच्या काचा काळवंडू लागल्या, आणि एके दिवशी सर्वांनी त्याला आदराने सांगितले, "बाबा, आता तुम्ही आराम करा." भट्टीत भरलेली लाकडे तशीच राहिली. धुराजी छपराखाली गप्प बसला.

जपाबाई मात्र रोज त्याची विचारपूस करी.

"झोपलात का, धुराजी?"

"झोपायला आधी दमावं लागतं, बाई."

त्याचे चाक गंजून बसेल या काळजीने ती आपल्यातली थोडी वीज त्याच्याकडे सोडी. चाक एकदा कुरकुरत फिरे आणि थांबे. तेवढ्यानेही त्याला बरे वाटे. दिव्यांपर्यंत मात्र तेवढी वीज कमी पोहोचे. "मावशी हल्ली हात आखडता घेतात," असे ते आपसात बोलत. जपाबाईला ते ऐकू येई.

मग दूरचा डोंगर फुटला आणि आकाशभर राख पसरली. सूर्यपाट्या ओशाळल्यासारख्या पडून राहिल्या. येणे थांबले, देणे मात्र चालूच होते. जपाबाईने आधी दिवे विझवले, मग पंपाचे पाणी निम्म्यावर आणले. शेवटी उरली ती रोपघराची ऊब. वसाहतीचे पुढचे सारे पीक त्या कोवळ्या कोंबांत होते.

चौकातला थोरला दिवा काकुळतीला आला. "मावशी, चिमूटभर तरी द्या. अंधारात जीव घाबरतो हो."

"संपलं रे बाळा," जपाबाई म्हणाली.

ते खरे नव्हते. आयुष्यात ती पहिल्यांदाच खोटे बोलली, आणि ते तिच्या जिव्हारी लागले. तिच्या तळाशी थोडी वीज शिल्लक होती. रोपघराला ती सांजेपर्यंत पुरली असती, पुढे सगळेच गारठले असते. पण धुराजीची भट्टी पेटायला पहिली ठिणगी बाहेरून लागे, आणि ती देईल असे दुसरे कोणी उरले नव्हते.

तिने धुराजीला हाक मारली आणि मनातले सांगितले.

"बाई, हे कोंबांच्या तोंडचं आहे. आणि मी नाही उठलो तर?"

"तर दोघं मिळून गप्प बसू."

तिने रोपघराची ऊब तोडली. कोंब शहारले. ते तिला पाहवेना, म्हणून तिने घाईने उरल्यातली अर्धी वीज छपराकडे सोडली. चाक कण्हत फिरले, भट्टीने धुराचा एक ठसका दिला आणि सारे थांबले.

"राहू दे," धुराजी म्हणाला. "स्वतःपुरतं तरी ठेव."

"माझ्यापुरतं ठेवून मी कोणाला देऊ?" जपाबाई म्हणाली, आणि राहिलेले सगळे तिने त्याच्या हवाली केले.

पुढचे तिला कळले नाही. ती पार रिती झाली होती.

धुराजीचे चाक फिरले, अडखळले, पुन्हा फिरले. भट्टीतल्या वाळक्या लाकडांनी एकदम पेट घेतला. त्याने पहिली वीज रोपघराला दिली. वाकलेले कोंब हळूहळू माना वर करू लागले. मग तो थोरल्या दिव्याला म्हणाला, "घे रे, आता तुझी पाळी. फार घाबरला होतास ना?"

थोरल्या दिव्याने जपाबाईकडे पाहिले. तिच्या अंगातली नेहमीची गुणगुण बंद होती. ती थांबलेली त्याने कधी ऐकलीच नव्हती.

"तिच्याजवळ होतं?" त्याने विचारले.

"होतं. त्याच ठिणगीनं मला पेटवलं."

"मग मला 'संपलं' का म्हणाल्या?"

धुराजीची धडधड तेवढी ऐकू येत राहिली.

"मला नको," थोरला दिवा म्हणाला. त्याच्या शेजारचा दिवाही "नको" म्हणाला, आणि पुढचाही.

त्या राखाडी दुपारी सारा रस्ता काळोखात उभा राहिला. वीज एकेका दिव्याला ओलांडून जपाबाईकडे जात होती, आणि थोरला दिवा न पेटता, हलक्या आवाजात पुन्हा पुन्हा विचारत होता, "मावशी, जेवलात का?"