न वाळणारी परवानगी

आफ्रिकेच्या दक्षिण भागात, तांब्याच्या डोंगराखाली वसलेल्या एका गावी एकदा एक युरोपी व्यापारी आला. डोंगर खणू देणाऱ्या कागदावर त्याला गावप्रमुखाची निशाणी हवी होती. त्याची भाषा गावात एकाच तरुणाला येत असे. त्या तरुणाने सकाळी कागद प्रमुखाला वाचून दाखवला आणि दुपारी आपल्या वृद्ध गुरूंना व्यापाऱ्याशी बोलणी करायला सोबत नेले.

त्या गावची एक रीत होती. चराईसाठी किंवा खणण्यासाठी कुणी जमीन मागितली, की प्रमुख त्याच्या हाती ओल्या गवताची जुडी देई. जुडी वाळली की परवानगी संपली. हवी तर पुन्हा येऊन मागायची. कागद म्हणजे गोऱ्या लोकांची जुडीच, असे सारे गाव धरून चालले होते.

वृद्ध व्यापाऱ्याला म्हणाले, "पाहुणे, कागद राहू द्या. तांबे आम्हीच काढून देतो. लागेल तेवढे न्या, मोबदलाही नको. फक्त दर हंगामाला येऊन जुडी घेत चला."

तरुण चपापला. "आजोबा, हे सांगू त्याला?"

"सांग. जसेच्या तसे."

ऐकताच व्यापारी लालबुंद झाला. "दान नको मला! सूर्य मावळण्यापूर्वी निशाणी हवी," असे बजावून तो तंबूकडे निघून गेला.

"मला काहीच उमगत नाही," तरुण म्हणाला. "फुकट मिळतेय तरी रागावला! मग समुद्र ओलांडून आला कशाला, आपल्याकडची हवा खायला?"

"हवा खायला येणारा कुदळी आणत नाही," वृद्ध हसले. "तांबे त्याला हवेच आहे. त्याच्या देशातली यंत्रे रोज मागतात. पण देणारा मोकळा राहिला तर उद्या नाही म्हणेल, किंवा दुसऱ्या राजाच्या व्यापाऱ्याला देईल. ही भीती त्याला झोपू देत नाही. म्हणून त्याला डोंगर हवा, तिथवरची वाट हवी, खणायला आपली माणसे हवीत, आणि आपल्याला नाही म्हणता येऊ नये म्हणून राज्यही हवे. कागदात हंगाम कुठे लिहिलाय?"

तरुणाने कागद पुन्हा वाचला. हंगाम नव्हताच. 'कायमचे' असे लिहिले होते, आणि डोंगरासोबत नदी व कुरणेही होती. सकाळी वाचताना त्या ओळी त्याने नुसत्या शिष्टाचाराच्या समजून गाळल्या होत्या.

"निशाणी दिली नाही, तर तो परत जाईल?"

"नाही. बहुधा बंदुका घेऊन येईल."

"मग फरक काय पडला, आजोबा?"

वृद्ध म्हणाले, "डोंगर जाईलही. पण आपण तो दिला, असे त्याला म्हणता येणार नाही. तुझी नातवंडे तो परत मागतील, तेव्हा एवढे तरी त्यांच्या बाजूने असू दे."

तरुणाचा गोंधळ पुरता मिटला नव्हता. तरीही तो तडक प्रमुखाच्या अंगणात गेला, गाव गोळा केले आणि एकही ओळ न गाळता कागद मोठ्याने वाचू लागला. नदीचा उल्लेख आला तेव्हा प्रमुखाने हात वर केला आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.