तुळसाला बोलण्यात शून्य

तुळसा बोलते, असं मी आठ दिवस घसा फोडून सांगितलं. कुणी खरं धरलं नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचं कोण खरं धरतं? म्हणून आता गोष्टच करून सांगते.

एका गावात एक शाळा होती आणि तिथं एक गुरुजी होते. पोरांचं बोलणं कसं तपासायचं, याचं प्रशिक्षण त्यांनी मोबाईलवरून घेतलं. तीन दिवस. प्रमाणपत्र आलं, ते काचेत बसवलं. मग एकेका पोराला खोलीत बोलावलं, जत्रेचं चित्र हातात दिलं आणि मोबाईलपुढं बसवलं. पोरानं चित्राबद्दल मिनिटभर बोलायचं, गुण मोबाईल देणार.

तिसरीतल्या तुळसाला शून्य. शेरा काय, तर "बोलता येत नाही."

ही तुळसा! ताट घेऊन रांगेत आली की हिचं सुरू. "मावशी, हळद सांडली का गं आज? मावशी, आमच्या शेळीला जुळी झाली, त्यातलं एक थेट गुरुजींसारखं बघतं."

मी गुरुजींना म्हटलं, "अहो, हिला गप्प कसं करायचं ते मला सांगा."

"मावशी, तुम्ही चूल बघा. मशीन खोटं बोलत नाही."

शेरा तिच्या बापाकडं गेला. तो चिडला. "घरी दिवसभर टुरटुर आणि शाळेत तोंड उघडत नाही? मग शाळा कशाला? सोमवारपासून शेळ्यांमागं जाईल." पोर रडून रडून लाल झाली.

शनिवारी शाळा तपासायला तालुक्याच्या मॅडम आल्या. मी हातातल्या डावासकट आत शिरले. "मॅडम, गुण राहू द्या. मोबाईलमधला पोरीचा आवाज लावा."

गुरुजी हसले. "चाळीस पोरांचं ऐकत कोण बसणार?"

म्हणजे यांनी एकाचंही ऐकलं नव्हतं! मॅडमनी आवाज लावला. पहिला आवाज गुरुजींचाच: "गडबड नको! हाताची घडी, तोंडावर बोट!" मग दार लावून ते बाहेर गेल्याचा आवाज. मग मिनिटभर काही नाही. बाहेर एक कोंबडा आरवला, तेवढाच.

मॅडमनी तुळसाला बोलावलं. "तू बोलली का नाहीस गं?"

"गुरुजींनी बोट काढायला सांगितलंच नाही."

हुकूम सगळ्यांनाच होता. बाकीच्यांनी तो मोडला, त्यांना गुण मिळाले. हिनं पाळला, हिला शून्य. मॅडमनी शेरा खोडला, बापाला बोलावून चार शब्द सुनावले. सोमवारी तुळसा वर्गात बसली. गुरुजींचं मात्र एकच पालुपद, "हे प्रशिक्षणात नव्हतं हो."

तात्पर्य: पोरांचं बोलणं तपासायचं असेल तर आधी त्यांना बोलू द्यावं, मग स्वतःच्या कानांनी ऐकावं, ते काम मशीनवर ढकलून मोकळं होऊ नये. गावानं दोष कधी पोरीला दिला, कधी रेंजला. मी नाव घेऊन सांगते: शिवदास शेंडकर गुरुजी.