हारांचा रांजण

एका राज्यात, जिथे साळुंक्या साक्षीला उभ्या राहत आणि ओढे रुसले की उलटे वाहत, तिथे एक नगरी होती. त्या नगरीला उद्घाटनाचं भारी वेड. खड्डा बुजला, घाला मांडव!

एकदा नव्या विहिरीच्या उद्घाटनाला एक तहानलेला मांत्रिक आला. नगरश्रेष्ठी घनगर्जाचं भाषण संपेपर्यंत पाणी कुणाला मिळेना. मांत्रिक कडाडला, "तुमच्या खजिन्यातून जे निघेल, ते तुमच्या आवडीचंच होईल!" आणि कोरड्या घशाने चालता झाला.

तेव्हापासून खजिन्याच्या रांजणातून काढलेल्या मोहरेची शाल होई, नारळ होई, नाहीतर झेंडूचा हार. कामं होईनात, म्हणून कर वाढले. आधी दारावर, मग चुलीच्या धुरावर, शेवटी सावलीवर. जाडी माणसं बिचारी भरदुपारीच बाहेर पडू लागली.

भागीरथा तेलिणीचा सावलीकर थकला आणि तिचा एकुलता एक बैल, ढवळ्या, जप्त झाला. सूर्यास्ताला ओढ्यापलीकडच्या बाजारात लिलाव ठरला. घाणा थांबला की चूलही थांबणार. खजिन्याच्या दारात बांधलेल्या ढवळ्याच्या गळ्यात पडून ती रडू लागली.

खजिन्याच्या तुळईवरून साळुंकी म्हणाली, "बाई, मांत्रिक जाता जाता उःशापही सांगून गेला. पण ऐकायला होतं कोण? सगळे एकमेकांना हार घालत होते! नगरश्रेष्ठीने तीन कामं स्वहस्ते करावीत. एक भाषणावाचून, एक हारावाचून, एक नावावाचून."

भागीरथा घनगर्जाकडे धावली. त्याचं वेतनही त्याच रांजणातून येई. महिनाभर घरात खोबऱ्याखेरीज काही शिजलं नव्हतं. तो म्हणाला, "बाई, आत्ताच निघू."

पहिल्यांदा त्याने तुंबलेलं गटार उपसलं, भाषणावाचून. न केलेलं भाषण पोटात फुगलं आणि श्रेष्ठी जमिनीपासून हातभर वर तरंगू लागले. त्यांना दोरीने खांबाला बांधलं. गटार वाहू लागलं, तसे ते खाली उतरले.

मग विहिरीचा मोडका रहाट बसवला, हारावाचून. सवयीने मान पुढे झुकली ती झुकलीच. बायकांनी पाणी ओढलं, तेव्हा कुठे मान सरळ झाली.

मग ओढ्यावर ये-जा करायला लाकडी साकव, नावावाचून. शेवटची फळी ठोकली, सूर्य टेकडीला टेकला, आणि घनगर्जाच्या हातातली पटाशी आपोआप लाकडावर 'घ' कोरायला सरसावली.

"एकच अक्षर, बाई," तो काकुळतीने म्हणाला. "उद्या कुणाला कसं कळेल, कुणी बांधला?"

"पलीकडे माझा बैल आहे, श्रेष्ठी," भागीरथा म्हणाली. "तुमचं नाव माझा घाणा ओढणार आहे का?"

घनगर्जाने डोळे मिटले आणि पटाशी ओढ्यात फेकली. त्याक्षणी खजिन्यात रांजणातून काढलेल्या मोहरा मोहरा होऊनच खणखणल्या. सावलीकर उठला, लिलाव मोडला, ढवळ्या सुटला.

साकवावरून पहिला तोच चालत आला. मधोमध थांबला, शेपूट वर केली आणि शेणाचा पो टाकून घरी निघाला. भागीरथा त्याच्यामागे हसत, डोळे पुसत गेली.

साकवाचं उद्घाटन झालं ते एवढंच. लोक श्रेष्ठींकडे बघू लागले. त्यांनी घसा खाकरला, क्षणभर विचार केला, आणि मुकाट्याने खराटा उचलला.