कोंडसरीत पहिला भोपळा शेजारी का जातो

पावण्यांनो, मघाशी त्या बाईने शेजारणीच्या दारात भोपळा ठेवला आणि मान खाली घालून "चुकलं माझं" म्हणाली, तेव्हा तुम्ही हसलात. हसा. तिने काही चोरलेलं नाही. आमच्या कोंडसरीत परसातला पहिला भोपळा असाच द्यायचा असतो. शिकलेली माणसंसुद्धा देतात. फक्त "चुकलं" जरा हळू म्हणतात, रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून.

हे सारं धाकू गावकरापासून सुरू झालं म्हणे. धाकूचा वेल गवताच्या छपरावर चढलेला आणि धाकूची मान त्याहून वर. कोवळ्या भोपळ्यावर नखाने तीन रेघा ओढायची त्याला हौस. फळ वाढेल तशी खूणही वाढते. गणपतीत त्याच्याकडे गेलेल्याला आधी भोपळ्याचं दर्शन, मग देवाचं!

दसऱ्याच्या सुमाराला तो भोपळा दिसेनासा झाला. शेजारी आवडी राहायची, एकटी बाई. परसातल्या भाजीवर तिचं निम्मं पोट. नेमकी त्याच दिवशी ती घारगे तळत होती. वास धाकूच्या ओटीपर्यंत आला. झालं! देवळासमोर सगळे जमले होते, तिथेच त्याने विचारलं, "काय गो आवडे, माझ्या भोपळ्याचे घारगे बरे झाले ना?"

"माझ्या वेलाचा होता तो."

"मग साल दाखव. खूण आहे त्यावर."

"साल गुरांना घातली."

गाव खो खो हसलं. सगळ्यांत मोठ्याने माझा खापरपणजा हसला, असं सांगतात. आमच्या घरात ते पिढीजात आहे. आवडी देवाकडे वळून एवढंच म्हणाली, "हा डाग जाईपर्यंत मी परसात पाऊल टाकणार नाही."

आणि टाकलं नाही. पडवळ, मिरच्या, अळू सगळं उभ्याउभ्या वाळलं. मिठाशी पेज खाऊन ती राहिली. छपरावर चढून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

वैशाखात धाकू शाकारणीला वर चढला. मागच्या बाजूचं कुजकं गवत उपसताना हाताला भोपळा लागला. देठ सुकून तो घरंगळला होता आणि पाचोळ्यात रुतून बसला होता. अंगावर बोटाएवढ्या जाड तीन रेघा.

खालून बायको शेवंती म्हणाली, "गप्प आत आणा. घारगे करते. कुणाला कळतंय?"

धाकू म्हणाला, "वास शेजारी जाईल."

खूण लोकांना दिसेल असा भोपळा डोक्यावर घेऊन तो शेजारी जायला भर गावातून वळसा घालून गेला. आवडीच्या दारात ठेवला. "चुकलं माझं, आवडाय." देवळासमोरची 'आवडे' आता मानाची 'आय' झाली.

तिने भोपळ्याकडे पाहिलं, मग कुंपणाआड जमलेल्या गावाकडे. "आणि हसले ते?"

दुसऱ्या दिवसापासून एकेक घर बियाणं घेऊन तिच्या दारात येऊ लागलं, तेच शब्द म्हणू लागलं. माझा खापरपणजा सगळ्यांत शेवटी, आठव्या दिवशी गेला. तो येऊन गेला तेव्हा कुठे आवडायने कुदळ उचलली आणि परसात उतरली, म्हणतात. पण "असू दे" ती कुणालाच म्हणाली नाही.

तेव्हापासून पहिला भोपळा शेजारी जातो, आणि आजही तो घेणारा तसं म्हणत नाही. मुकाट्याने उचलतो आणि आत जातो. तो आत जाईपर्यंत देणाऱ्याने दारात उभं राहायचं. गावभर खोड्या काढून पचवलेला माणूस मी, पण तेवढा वेळ मला वर बघवत नाही.